आक्काची शिवी

हल्ली कुणीही कुणालाही हुंफाड्या म्हणतं. उशिरा उठणारा पोरगा हुंफाड्या, फोन न उचलणारा प्लंबर हुंफाड्या. परवा तर एका बाईनं आपल्या लठ्ठ मांजराला हुंफाड्या म्हणून हाक मारली, ती मी या कानांनी ऐकली. मांजर आलंही. मला मांजराची दया आली आणि बाईची कीव. अहो, आळशाला आळशी म्हणा, ऐदी म्हणा, आळसोबा म्हणा. आपल्या भाषेत आळशांसाठी शब्दांचा काय दुष्काळ पडलाय? त्यांच्यावर एवढा कसलेला शब्द कशाला नासवता? हुंफाड्या आळशी नसतोच मुळी. हुंफाड्या भलताच उद्योगी असतो. फक्त त्याचा उद्योग दुसऱ्याचं काम संपल्यावर सुरू होतो.

चार बायका मिळून कपाट सरकवतात. कपाट जागेवर बसतं. तेवढ्यात जो खुर्चीतून उठतो, कपाटाला दोन बोटं लावतो, नाकातून जोरात श्वास सोडतो आणि कपाळावरचा नसलेला घाम पुसतो, तो हुंफाड्या. ही जात जगात सगळीकडे आहे आणि फार जुनी आहे, पण तिला नाव नव्हतं. विंचवाला नाव, ढेकणाला नाव, नखुरड्यालासुद्धा नाव, आणि यांना नाही! ते नाव माझ्या थोरल्या बहिणीनं दिलं. मी तिथंच होतो, सरस ढवळत.

आमच्या गल्लीच्या टोकाला पुस्तकं बांधायचा कारखाना होता. छापखान्यातून छापील तावांचे गठ्ठे यायचे. खिडकीकडेला बसलेल्या बायका हाडाच्या पट्टीनं तावांच्या घड्या घालायच्या. पलीकडच्या रांगेतल्या बायका त्या घड्या सुईदोऱ्यानं शिवायच्या. त्या रांगेत पहिली बसायची ती आमची आक्का. शिवलेल्या पुस्तकाच्या पाठीला मी सरस लावायचो. सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला गोंद. तो दिवसभर मंद आचेवर ठेवावा लागतो, आणि त्याचा वास इतका एकनिष्ठ असतो की लग्नाच्या दिवशी बायको माझ्याशेजारी उभी राहिली ती श्वास रोखूनच. आक्का मला चिकट्या म्हणायची. अजून म्हणते.

सगळ्यात शेवटी पुठ्ठे चढवलेल्या पुस्तकांची चळत शिकंज्यात जायची. खाली एक लोखंडी पाट, वर एक लोखंडी पाट, मधून मांडीएवढा जाड स्क्रू आणि त्याच्या डोक्यावर दोन हात लांब दांडा. दांडा फिरवला की वरचा पाट खाली येतो आणि पुस्तकं दाबली जातात. दोन दांडगे पिळवाले त्या दांड्याला लोंबकळून पीळ द्यायचे. दांडा केसभरही पुढं सरकेना झाला की त्यातला एकजण घंटी वाजवायचा.

घंटी वाजली की काचेच्या खोलीतून थोरले मालक बाहेर यायचे.

चष्मा काढून कुणाच्या तरी हातात द्यायचे. बाह्या दोन घड्या वर घ्यायचे. डावा पाय मागं, उजवा पुढं, दोन्ही हात दांड्यावर, डोळे मिटलेले. क्षणभर कारखान्यात सुईचा आवाज यायचा नाही. आणि मग पोटाच्या तळातून, जणू विहिरीतून म्हैस ओढून काढतायत असा आवाज: हुंऽऽफ्!

दांडा ढिम्म.

“बसलं?” मालक डोळे न उघडताच विचारायचे.

“बसलं!” आम्ही तीसजण एकसुरात ओरडायचो.

त्या कारखान्याचा तो नेमच होता. मालकांच्या हातचा शेवटचा पीळ मिळाल्याशिवाय चळत दाबली असं कुणी म्हणायचंच नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर तशी चिठ्ठीही चिकटवायची असायची: ‘शेवटचा पीळ खुद्द मालकांच्या हातचा.’ शिवण कुणाची, घडी कुणाची, याची चिठ्ठी नसे. दिवसातून आठ-दहा वेळा हा सोहळा व्हायचा. त्या आवाजानं समोरच्या न्हाव्याच्या हातून गिऱ्हाइकांच्या मिशा अर्ध्या उडायच्या, म्हणून आमच्या भागात बिनमिशांची एक अख्खी पिढी झाली. कारखान्याच्या छपरावर कबुतरं होती. पहिल्या वर्षी ती आवाजाला घाबरून उडायची, दुसऱ्या वर्षी बसून राहायला लागली, तिसऱ्या वर्षी त्यांची पिल्लं घू घू सोडून हुंफ् हुंफ् करायला लागली. पटत नसेल तर नका मानू. कबुतरांचं काही अडत नाही.

एकदा दुपारी शिवणीच्या रांगेत एक नवी बाई आली. तिनं तो सोहळा पहिल्यांदाच पाहिला. मालक खोलीत परत गेल्यावर तिनं हळूच विचारलं, “आक्का, हे नेमकं काय करायला येतात हो?”

आक्काच्या दातात दोरा होता. ती दोरा न काढताच म्हणाली, “हुंफाडायला.”

रांगेतल्या अकरा बायका एकदम हसल्या आणि त्यातल्या सहाजणींना सुई टोचली. मग चार दिवस त्यांना दुसरा धंदा नव्हता. हुंफाडणारा तो कोण? ‘हुंफ्या’ म्हणावं, असं एकीनं सुचवलं. “छे, हे कुत्र्याचं नाव वाटतं,” आक्का म्हणाली. दुसरीनं ‘हुंफेश्वर’ काढलं. “देव नको करूस त्याचा, पाया पडावं लागेल.” चौथ्या दिवशी आक्कानं सुईत दोरा ओवता ओवता तो शब्द उच्चारला. “हुंफाड्या.”

सगळ्याजणींनी सुया थांबवल्या. मग एकेकीनं तो तोंडात घेऊन पाहिला, नवीन चप्पल पायात घालून पाहावी तसा. ओठ मिटून सुरुवात होते, गाल फुगतात, मग फुस्सकन हवा निघून जाते, आणि शेवटचं ‘ड्या’ रिकामा डबा जिन्यावरून गडगडत यावा तसं येतं. हा शब्द रागानं म्हणताच येत नाही, ही त्याची खरी गंमत. म्हणणाऱ्याला निम्म्यात हसू फुटतं, आणि ज्याला म्हटलं त्याला मारामारी करावी की मिशी पुसावी हेच कळत नाही. शिवी असावी तर अशी.

संध्याकाळी बारा बायका बारा घरी गेल्या आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. आमच्या मेहुण्यांनी त्याच दिवशी, आक्कानं भरून आणलेल्या पाण्याच्या पिंपाच्या काठाला हात लावून “हां, ठेव इथं” म्हटलं, आणि पिंप तर तिथं आधीच ठेवलेलं होतं. “आलात हुंफाडायला?” आक्का म्हणाली. शेजारणीनं ते ऐकलं. तिच्या घरी एक होताच. तिच्या नणंदेच्या घरी दोन होते. महिन्याभरात शाळेत, दवाखान्यात, टपाल कचेरीत शब्द पोचला, कारण प्रत्येक ठिकाणी तो शब्द यायच्या कितीतरी आधीपासून माणूस येऊन बसलेला होता. नळ दुरुस्त झाल्यावर पान्यानं नळावर टकटक करणारे वॉर्ड ऑफिसर, मुलं पास झाल्यावर मुलांच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढणारे हेडमास्तर, सगळे एका रात्रीत ओळखू यायला लागले. आजार जुना, पण निदान नवं.

शेवटी शब्द मालकांच्या घरीही गेला. मालकीणबाई बरणीच्या झाकणाशी झटत होत्या. झाकण निघालं, तेव्हा मालक पुढं आले आणि बरणीला हात लावून म्हणाले, “दे इकडं.” बाई म्हणाल्या, “आलात का हुंफाडायला?” बाईंना शब्द कुठून आला हे ठाऊक नव्हतं. मालकांना आवाज ओळखीचा वाटला. माणसाला स्वतःचा आवाज सगळ्यात शेवटी ओळखू येतो म्हणतात. मालकांना दोन महिने लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकंज्यापुढं उभं राहून सगळ्यांना विचारलं. “हा शब्द कुणी काढला?”

 आक्का बसल्या जागेवरून उठली. “मी.”

“माफी माग.”

“कशाची, मालक? शब्द चुकलाय का सांगा. चुकला असेल तर दुरुस्त करते.”

मालकांच्या तोंडून हुंफ्सुद्धा निघेना. “उद्यापासून येऊ नकोस,” एवढंच म्हणाले. आक्कानं सुई उशीत टोचली, बोटातलं अंगुस्तान काढून डबीत ठेवलं आणि चप्पल घालून निघाली. बावीस वर्षांची नोकरी आवरायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती दारात पोचायच्या आत मालकांनी मुद्दाम दांड्याला हात घातला, डोळे मिटले, आवाज काढला आणि विचारलं, “बसलं?”

आम्ही सगळे ओरडलो, “बसलं!” सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तिचा सख्खा भाऊ म्हणून माझ्यावर नजर असेल असं मला वाटलं होतं. पुढं अठरा वर्षं मी तिथंच सरस ढवळला.

आक्कानं नंतर घरी बसून शिंप्यांच्या कपड्यांना काजं-बटणं केली. त्या दिवसाबद्दल तिनं मला कधी चकार शब्द ऐकवला नाही. पण रस्त्यात कुणी हुंफाड्या म्हटलं की थांबायची. एकदा बसस्टॉपवर दोन पोरी आपल्या साहेबाबद्दल बोलत होत्या, दर वाक्यात हुंफाड्या. आक्कानं ते ऐकत उभं राहून तीन बसगाड्या सोडल्या. घरी आली तेव्हा तोंडावर असं काही होतं, की जणू तिची मुलगी परीक्षेत पहिली आली.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मी न्हाव्याच्या बाकावर बसलो होतो. तिथं एक गृहस्थ आले. हातात काही नाही, खिशाला तीन पेनं. मागून एक मध्यमवयीन बाई, दोन्ही हातांत कार्डांनी भरलेली दोन खोकी. गृहस्थ जुन्या बोलीशब्दांचा कोश करत होते. म्हणजे बाई करत होत्या आणि गृहस्थांचं नाव छापलं जाणार होतं. मी त्यांना कोशवाले म्हणतो, बाईंना कार्डवाली.

“आजोबा,” कोशवाले म्हणाले, “हुंफाड्या या शब्दाचं मूळ तुम्हाला ठाऊक आहे असं कळलं. माझा कयास असा आहे की हा मुळात शौर्यवाचक शब्द असावा. ध्वनीतच एक ओज आहे.”

ओज! मी त्यांच्याकडे पाहिलं. अशा माणसाला खरं सांगणं म्हणजे डुकराला अत्तर लावणं. आणि माझ्या जिभेची खोड तुम्हाला आतापर्यंत कळली असेलच.

“अगदी बरोबर ओळखलंत,” मी म्हणालो. “हुंफाड नावाचा एक महाकाय पैलवान बांधणीकार होता. एकटा शिकंजा पिळायचा. एकदा त्यानं इतका दाब दिला की शेवटच्या पानावरची अक्षरं थेट पहिल्या पानावर उमटली. लोकांनी पुस्तक उघडलं की शेवट आधी कळायचा. त्या पुस्तकाचा खप बसला. म्हणून पुढं राजानं त्याला दोन बोटांनीच पीळ द्यायचा हुकूम केला.”

“लिहून घ्या!” कोशवाले बाईंना म्हणाले.

कार्डवालीचं पेन थांबलं होतं. “हे तुम्ही स्वतः पाहिलंत?” तिनं मला विचारलं.

“बाई, पाहिलं नसतं तर इतकं तपशिलात सांगितलं असतं का?”

तिनं लिहिलं, पण कार्डाच्या कोपऱ्यात बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. मी घरी येऊन पोट धरून हसलो.

हसू आठवडाभर टिकलं. कोश बांधायचं काम त्याच कारखान्याला मिळालं होतं. थोरले मालक केव्हाच वारले. आता धाकटे मालक, त्यांचा मुलगा, काचेच्या खोलीत बसतो. शाळेपासून पोरं त्याला त्या शब्दावरून चिडवत आलेली. कोशवाल्यांनी त्याला माझी लोणकढी वाचून दाखवली आणि साठीच्या घरातला तो माणूस एका दिवसात चार इंच उंच झाला. “हुंफाड्या म्हणजे आमचे वडील,” तो म्हणाला, “आणि त्यांच्यानंतर मी.” झालं! कार्डावर अर्थ चढला: ‘हुंफाड्या: आदरार्थी. शेवटचा दाब देणारा निष्णात बांधणीकार. अतुल बळाचा पुरुष.’ कारखान्याच्या दारावर रंगारी नवी पाटी रंगवायला चढला: ‘हुंफाड्यांची परंपरा, दोन पिढ्या.’

आक्का औषध आणायला त्या रस्त्यानं गेली आणि औषध न घेता थेट माझ्याकडे आली. एकोणऐंशी वर्षांची बाई, दोन जिने चढून.

“चिकट्या, ती पाटी कुणाची अक्कल?”

मी सांगितलं. सांगताना पैलवानाचा भाग आला तेव्हा थोडा हसलोही. ती हसली नाही.

“बावीस वर्षं शिवलं मी,” ती म्हणाली. “शिवलेलं कुठं दिसतं का? पाठीच्या आत जातं, वर तुझा सरस, त्याच्यावर पुठ्ठा. एक शब्द तेवढा बाहेर राहिला होता माझा. त्याच्यापायी पोटाला चिमटा काढला मी. तो तू त्याच्या दारावर नेऊन टांगलास, शोभेला.”

“अगं, गंमत केली मी. त्या कोशवाल्याची.”

“तुझी गंमत छापली जाणार आहे. पुढं पोरं एकमेकांना कौतुकानं हुंफाड्या म्हणतील. मग त्या जातीला म्हणायचं काय? परत बिननावाची सोडायची मोकाट?”

मी उठून चप्पल घातली. 

मी कोशवाल्यांकडे गेलो, आणि तेही कुठं, तर कारखान्यातच. त्या दिवशी ते ‘ह’ अक्षराच्या कार्डांवर सही करायला बसले होते. ‘ह’ संपला की कोश संपला, दुसऱ्या दिवशी छपाईला. आक्काही बरोबर आली. मी सरळ सांगून टाकलं, की पैलवान मी रचला, राजा मी रचला, शब्द हिनं घडवला आणि तो शिवी आहे.

कोशवाले मायेनं हसले. “आजोबा, वय झालं की असं होतं. पहिली आठवण जास्त विश्वसनीय असते.”

माझी थाप इतकी बाळसेदार होती की तिच्यापुढं खरी हकिगत कुपोषित दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला गेलो तर कुणी घेईना.

“आणि या बाईंना वडिलांनी कामावरून काढलं होतं,” धाकटे मालक म्हणाले. “राग असणारच मनात. समजू शकतो आम्ही.”

 आक्का शिकंज्याकडे बघत होती. शिकंजा तोच. त्यात नुकत्याच चिकटवलेल्या जाडजूड अहवालांची चळत होती, वरचा पाट नुसता टेकवलेला. पिळवाले बाजूला उभे होते.

कार्डवालीनं पेन उचललं. “एक विचारू? व्याख्येत कृती लिहावी लागेल. शेवटचा दाब म्हणजे नेमकं काय करतात?”

“दाखवतो की,” धाकटे मालक उठले आणि पिळवाल्यांकडे वळले. “चला रे, आवळून घ्या.”

“त्यांना कशाला त्रास?” आक्का म्हणाली. “अतुल बळाचा पुरुष ना तुम्ही? पहिल्यापासून तुम्हीच करा.”

पिळवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात पाठीमागं बांधले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिवणीच्या रांगेतल्या बायकांनी सुया खाली ठेवल्या.

“उत्तम!” कोशवाले म्हणाले आणि नीट दिसावं म्हणून खुर्ची शिकंज्याला अगदी चिकटून ओढून बसले.

धाकट्या मालकांनी चष्मा काढला, तो माझ्या हातात दिला. बाह्या दोन घड्या. डावा पाय मागं. दांड्याला हात घातला आणि रेटला.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. बापाच्या हाती दांडा यायचा तो आधीच गच्च आवळलेला. मुलाच्या हातीही तसाच. दोन पिढ्या मिळून त्या घराण्यानं लाखभर वेळा शेवटचा पीळ दिला असेल, पण त्यांच्या हाताखाली दांडा कधी हललाच नव्हता. त्यामुळं तो कोणत्या बाजूला फिरवला की आवळतो, हे शोधून काढायची वेळच कधी आली नव्हती.

त्यांनी तो उलटा रेटला.

दांडा फिरला. धाकट्या मालकांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग अभिमान. हातात इतकं बळ असेल अशी त्यांची स्वतःचीही कल्पना नव्हती. एक फेरा, दोन फेरे, पाच फेरे. वरचा पाट चळतीपासून चार बोटं वर गेला, मग वीतभर. त्यांनी डोळे मिटले.

“केवढा दाब!” कोशवाले पुटपुटले. डोळे त्यांचेही भक्तिभावानं अर्धे मिटलेले.

“हुंऽऽफ्!” धाकटे मालक गरजले आणि सगळं अंग दांड्यावर टाकलं. आता तिथं अडवणारं काही नव्हतंच. दांडा गर्रकन फिरला, मालक त्याच्यामागं फिरले, त्यांचा कोपर चळतीला लागला, आणि ओल्या गोंदाचे चौदा अहवाल एकामागून एक कोशवाल्यांच्या मांडीवर, गुडघ्यांवर आणि बुटांवर येऊन बसले.

“बसलं?” धाकट्या मालकांनी विचारलं. सवय हो.

कुणीच ओरडलं नाही. मग शिवणीच्या रांगेच्या टोकाची एक बाई खुदकन हसली, आणि आक्का म्हणाली, “मालक, डोळे उघडा.”

कार्डवालीनं जुनं कार्ड शांतपणे मधोमध फाडलं. खोक्यातून कोरं काढलं. “सांगा आक्का.”

“पण तो पैलवान...” कोशवाल्यांनी क्षीण प्रयत्न केला.

“सर, आधी पाय उचला, बूट फरशीला चिकटतायत.”

आक्कानं सांगितलं, कार्डवालीनं लिहिलं. ‘हुंफाड्या: तुच्छतादर्शक. दुसऱ्याचं काम पुरं झाल्यावर त्याला हात लावून, ते आपणच केल्याचा आव आणणारा. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिवणीच्या रांगेत घडलेला शब्द.’ आक्कानं ते परत वाचायला लावलं आणि म्हणाली, “आव आणून घाम पुसणारा, असं करा.” तसं केलं. कोशवाल्यांनी सही केली. काय करणार, मांडीवर सहा अहवाल होते, हलायची सोय नव्हती.

“आणि एक उदाहरण लागेल,” कार्डवाली म्हणाली. “वापराचं वाक्य.”

मला वाटलं, आता धाकट्या मालकांची धडगत नाही. मी खुर्ची ओढून नीट बसलो. आक्कानं क्षणभर विचार केला. मालकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“लिहा,” ती म्हणाली. “बहीण शब्द घडवते, आणि भाऊ हुंफाड्या तो गावभर मिरवतो.”

“आक्का!”

“काय झालं? तुझं नाव कुठं घातलंय?”

“नाव नसलं तरी अख्ख्या गावाला कळेल.”

“म्हणून तर नाही घातलं.”

“अगं, पण मी खरं सांगायला आलो ना आज?”

“आलास की,” आक्का म्हणाली. “मी आल्यावर.” आणि चप्पल शोधायला लागली. कार्डवालीनं वाक्य लिहून घेतलं. या खेपेला कोपऱ्यात प्रश्नचिन्ह काढलं नाही.

पाटी दुसऱ्या दिवशी उतरली. कोश सहा महिन्यांनी छापून आला, बांधणी दुसऱ्या कारखान्यात झाली. कार्डवालीनं एक प्रत आक्काच्या घरी आणून दिली. आक्काला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तिनं मला बोलावलं. मी चष्मा लावून ‘ह’ काढला, शब्द वाचला, अर्थ वाचला, शिवणीची रांग वाचली आणि पुस्तक मिटायला लागलो.

“खालचं वाच,” आक्का म्हणाली.

मी खालचं वाचलं.

“शेजारच्या घरात ऐकू गेलं नसेल,” ती म्हणाली. खिडकी उघडून परत खुर्चीत येऊन बसली. “हं. मोठ्यानं.”